मंत्रस्वामी बार्डची सातवी आवृत्ती

१ मार्च, रविवार, संध्याकाळी ७

आज टेबलावर डॉक्टरांनी बातमी दिली. आपण गेली सहा वर्षं जो खेळ खेळतो, त्याच्या प्रकाशकाने स्पर्धा काढली आहे. पात्रांचा एक नवा सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, तयार करून पाठवायचा. निवडला गेला तर पुढच्या नियमपुस्तकात छापणार, निर्मात्याच्या नावासकट. डॉक्टर बघत होते सगळ्यांकडे, पण रोख माझ्याकडेच होता. दुसरं आहे कोण? वायरमनचा जादूगार आगीचे गोळे फेकतो, बास. लायब्ररीवाल्या बाई चार वर्षं एकच कुऱ्हाड फिरवतायत. आणि आमची धाकटी, माझी सख्खी बहीण. तिची वैद्यीण सगळ्यांच्या जखमा बांधते आणि गप्प बसते. कल्पनाशक्ती बेताची. लहानपणापासून.

मी बार्ड घेतोय. गाऊन-वाजवून जादू करणारा तो बार्ड. त्याला आजवर कोणी गंभीरपणे घेतलेलं नाही. आमची जोडी जमेल.

संकल्प: रोज एक तास लेखन. टेबलावर कमी बोलणे. बिस्किटं दोनच.

२ मार्च, सोमवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना स्पर्धेबद्दल सांगितलं. त्यांना खेळच माहीत नव्हता. मग पहिल्यापासून सांगितला. पाच जण, एक टेबल. दाताचे डॉक्टर गोष्ट सांगतात, रविवारी त्यांच्या क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये, तीन ते सहा. आपापल्या पात्राने काय केलं ते आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं. बाई म्हणाल्या, म्हणजे नुसतं बोलत बसायचं. मी म्हटलं, तसं म्हटलं तर कोर्टातही नुसतं बोलतच बसतात. बाईंनी फोन उचलला. वाजला नव्हता.

आमचं ऑफिस औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती चिठ्ठी तपासतं. एकोणीस वर्षं मी तिथे आहे. नियम, अपवाद, अपवादाला अपवाद, हे माझ्या हाडात मुरलंय. बाकीचे स्पर्धक बिचारे.

संकल्पाचा तास उद्यापासून.

५ मार्च, गुरुवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं, साबण तसाच ठेवून बाहेर आलो. बायको म्हणाली की आधी फरशी पूस.

कल्पना अशी. माझा बार्ड स्वतः मंत्र टाकत नाही. ते कोणीही टाकतं. तो दुसऱ्याने टाकलेला मंत्र वळवतो. कोणी आगीचा गोळा फेकला की हा एक तान घेणार आणि तो गोळा जिथे जायला हवा होता तिथे जाणार. म्हणजे मला जिथे वाटतं तिथे. सबक्लासचं नाव: मंत्रस्वामी.

एक बारकावा. शत्रूचे मंत्र वळवायचे नाहीत. शत्रूला विरोधाचा फासा टाकायचा हक्क असतो, त्यात फार वेळ जातो. आपली माणसं विरोध करत नाहीत. म्हणून ही शक्ती फक्त आपल्या माणसांवर चालेल. मंत्र टाकणाऱ्याची संमती लागणार नाही. हे मी टिपेत घातलंय, कारण मुख्य मजकुरात उगाच डोळ्यांत खुपतं.

बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ज्याचा मंत्र त्याने मग काय करायचं. मी म्हटलं, त्याला मदत झाली ना. ती म्हणाली, हो, माहितीय मला तसली मदत. हिचा मूड सध्या ठीक नाही.

८ मार्च, रविवार, संध्याकाळी ६.३०

पहिली चाचणी. घवघवीत यश.

आमच्या टेबलावर डॉक्टरांचा एक जुना नियम आहे. ज्याचा टर्न, त्याचं तोंड. एकाचं चालू असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. आज मी सुरुवातीलाच सांगितलं की मंत्रस्वामीला हा नियम लागू नाही, कारण त्याचं कामच दुसऱ्याच्या टर्नमध्ये असतं. डॉक्टर विचारात पडले. एवढ्या खोलवर कोणी गेलंच नव्हतं.

वायरमनच्या जादूगाराने पुलावर आग फेकली, मी ती दरवाजावर वळवली. त्याने दरवाजावर फेकली, मी पुलावर वळवली. पूल जळाला. आपण पुलावरच होतो, पण तो तपशील आहे. धाकटीने वायरमनला बरं करायला मंत्र टाकला, तो मी स्वतःवर वळवला, कारण मला खरचटलं होतं. तीन तासांत मी एकटा जवळपास दोन तास बोललो. आज खेळ किती रंगला हे यावरूनच कळतं.

वायरमनने माझ्या बार्डला लुडबुड्या असं नाव ठेवलं. टेबलावर टोपणनाव पडणं हे लोकप्रियतेचं लक्षण आहे.

कमी बोलण्याचा संकल्प आज बाजूला ठेवावा लागला. चाचणीचे दिवस त्यात धरायचे नाहीत. बिस्किटं सहा.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरांचा मेसेज. सबक्लास छान आहे, पण ही शक्ती एका दिवसाच्या खेळात एकदाच वापरता यावी असं करून बघता का. मी सविस्तर उत्तर दिलं, चौदा मेसेज. तडजोड म्हणून तिसऱ्या आवृत्तीत मर्यादा घातली आहे: गरजेनुसार. गरज कोणी ठरवायची ते टीप अकरामध्ये आहे. बार्डने.

डॉक्टर माणूस चांगला. पण आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालून घालून समोरचा बोलूच शकत नाही अशी त्यांना सवय झालीय.

१५ मार्च, रविवार

दुसरी चाचणी. एक अडचण होती, ती सोडवली. लायब्ररीवाल्या बाईंची योद्धा जादू करतच नाही. नुसती कुऱ्हाड. तिच्या टर्नला मला काही कामच नसायचं, नुसतं ऐकत बसावं लागायचं. पाचव्या आवृत्तीत नवा नियम केला: मनापासून केलेली कुठलीही कृती ही जादूच होय. आता कुऱ्हाडही वळते.

बाईंनी विचारलं, मनापासून नाही मारली तर? मी म्हटलं, तर मग नेम चुकेल. त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं आणि उरलेला वेळ वाचत बसल्या. पानं उलटत होती, म्हणजे दाखवायला नव्हतं, खरंच वाचत होत्या. आपला टर्न आला की मान वर न करता म्हणायच्या, तुम्हीच सांगा मी काय केलं ते. इतका विश्वास त्यांनी माझ्यावर याआधी कधी टाकला नव्हता.

वायरमन पाच वाजता उठून गेला. कुठेतरी फ्यूज उडाला म्हणे. रविवारी.

१८ मार्च, बुधवार

धाकटीचा फोन. ती सहसा फोन करत नाही. येत्या रविवारी तिचा प्रसंग आहे, तो तिला एकटीने करायचाय, म्हणून विनंती करायला.

प्रसंग असा. सहा वर्षांपूर्वी खेळ सुरू झाला तेव्हा माझं पात्र वेगळं होतं. धाकटीच्या वैद्यिणीचा मोठा भाऊ. पहिल्याच महिन्यात शिडीवर एका वेळी किती जण चढू शकतात यावरून माझा आणि डॉक्टरांचा वाद झाला. मी फासे उचलून निघून आलो आणि आठ महिने गेलो नाही. धाकटीशीही बोललो नाही, कारण तिने शिडीच्या बाबतीत माझी बाजू घेतली नव्हती. मी कधीही परत यावं म्हणून डॉक्टरांनी भावाला मारलं नाही, त्याचा दगड केला. मी परत आलो तेव्हा नवं पात्र घेतलं. दगडात मला माझ्या कुवतीला वाव दिसेना.

पण धाकटीने तो दगड सोडला नाही. तिची वैद्यीण त्याला हातगाडीवर घालून सहा वर्षं गावोगाव नेतेय. त्याला जिवंत करायला मंत्र लागतो तो आयुष्यात एकदाच टाकता येतो. त्याला सात वस्तू लागतात. सातवी तिला मागच्या महिन्यात मिळाली. सहा वर्षांत तिने दुसरं काही मिळवलेलं नाही. ना तलवार, ना घोडा.

तिने एवढंच मागितलं की रविवारी माझ्या बार्डने तिच्या मंत्राला हात लावू नये. मी शब्द दिला. तिला बरं वाटलं असावं, कारण बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, ये नक्की. तिला माझा आधार लागतो.

२० मार्च, शुक्रवार

चौदाव्या लेव्हलची शक्ती लिहिली. महावळण. आपल्या माणसाने आयुष्यात एकदाच टाकायचा मंत्र टाकला, तर त्याचं सगळं फळ बार्ड स्वतःकडे वळवू शकतो. अंगावर काटा आला लिहिताना.

अडचण: स्पर्धेच्या फॉर्मवर प्रत्येक शक्ती प्रत्यक्ष खेळून बघितल्याची नोंद मागितली आहे, चार खेळाडूंच्या सह्यांनिशी. आणि आयुष्यात एकदाचा मंत्र आमच्या टेबलावर एकाच व्यक्तीकडे आहे.

शब्द दिलाय, त्यामुळे प्रश्नच नाही. नुसती नोंद करून ठेवली.

२१ मार्च, शनिवार

उद्या एक शब्द बोलणार नाही. बायकोला सांगितलं. ती हसली. का हसली ते विचारलं नाही.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळी ५.१५

लवकर घरी आलो. सगळं आत्ताच लिहून ठेवतो, नंतर तपशील बदलतात.

धाकटी नवीन ड्रेस घालून आली होती. खेळायला. वायरमनने टेबलाच्या मध्ये एक छोटा दिवा आणून लावला होता, दगड तिथे आहे असं समजून. लायब्ररीवाल्या बाईंनी पुस्तक आणलं नव्हतं. धाकटीने सात वस्तू एकेक करून सांगितल्या, कुठे मिळाली, कोणी दिली. मला वाटायचं तिला बोलता येत नाही. वीस मिनिटं बोलत होती. कोणी मध्ये बोललं नाही. मीसुद्धा. हे मुद्दाम नमूद करतो.

मग तिने फासा टाकला. वीस आला. वायरमन उभाच राहिला. बाईंनी धाकटीचा हात धरला. डॉक्टर सांगू लागले की दगडाच्या बोटांत रंग येतोय.

आणि माझ्या लक्षात आलं की वीस आलाय. इतक्या मोठ्या आकड्यावर महावळण चालतं की नाही याची चाचणी जगात कोणीही, कधीही केलेली नसणार. शब्द मी भाऊ म्हणून दिला होता. निर्माता म्हणून माझी वेगळी जबाबदारी आहे. मी म्हटलं, थांबा.

नियम वाचून दाखवला. टीप बावीस वाचली. मंत्राचं फळ बार्डकडे. दगडाला काहीच न मिळाल्याने दगडाची भुकटी. आमच्याकडे एक सवय आहे, कोणी घाईत चूक केली तर डॉक्टर विचारतात, परत घ्यायचं का. घेतलं की ते झालंच नाही असं सगळे धरतात. कोणी कधी हसत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं. मग पुन्हा विचारलं. दोनदा विचारायची पद्धत नाही.

धाकटी म्हणाली, "दादा, राहू दे ना हे."

मी म्हटलं की परत घेतलं तर चाचणी रद्द होईल, आणि फॉर्म सोमवारपर्यंत भरायला सुरुवात करायची आहे.

मंत्राचं फळ म्हणून माझ्या बार्डला दुसऱ्या दिवशी सूर्योदयापर्यंत अंधारात दिसू लागलं. खेळात तेव्हा दुपार होती.

उभा राहिलेला वायरमन खाली बसला. शक्तीचा परिणाम बघून लोक अवाक् होतात ते असं. धाकटी तोंड धुवायला आत गेली. डॉक्टरांनी साडेचारलाच खेळ थांबवला. वायरमनने दिवा काढला, वायर गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता गेला. त्याला नेहमीच कसली तरी घाई असते.

महावळण चालतं. वीसवरही.

२३ मार्च, सोमवार

चौघांना फॉर्म पाठवले. सही आणि एक वाक्य अभिप्राय. धाकटीला वेगळा मेसेज केला की कालचं मनाला लावून घेऊ नकोस, शेवटी खेळच आहे. तिने बघितला. उत्तर नाही. कामात असेल.

 

२९ मार्च, रविवार

डॉक्टरांचा मेसेज, वेटिंग रूमला रंग देणं चालू आहे, आज खेळ नाही. साडेतीनला सहज त्या बाजूला गेलो. दाराला कुलूप होतं. काचेतून पाहिलं तर खुर्च्या जागेवर, हिरड्यांचं पोस्टर जागेवर. रंगवाले हल्ली सांगितलेल्या दिवशी येतातच कुठे.

५ एप्रिल, रविवार

डॉक्टर बाहेरगावी. वेळ सत्कारणी लावला. सातवी आवृत्ती पूर्ण. एकतीस पानं, टिपा अठ्ठेचाळीस.

चारही फॉर्म आलेत. डॉक्टर, वायरमन आणि बाई यांनी सही केलीय, अभिप्राय कोरा. शब्द सुचले नसणार. धाकटीने मात्र लिहिलंय: "एकदाच वापरलं. पुरेसं झालं."

चारांत तोच अभिप्राय सर्वांत चांगला आहे. थोडक्यात, पण शक्तीचा आवाका त्यात आला. म्हटलं होतं ना, तिला माझं काम कळतं.

१२ एप्रिल, रविवार

आजही खेळ नाही. कारण कळवलेलं नाही.

स्पर्धेची अट आहे, मजकूर दोन पानांत बसला पाहिजे. इतर लोक इथे कापाकापी करतील. मी एकोणीस वर्षं याच गोष्टीचा पगार घेतोय. औषधाच्या चिठ्ठीचा बारीक टाइप वापरला, ओळींमधली जागा काढली, समास काढले. एकतीस पानं दोन पानांत बसली, एक शब्दही न कापता. पाठवून दिलं. बायकोला दाखवलं. तिने कागद लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि विचारलं की हे पाण्यातून घ्यायचं की जेवणानंतर.

२१ एप्रिल, मंगळवार

प्रकाशकाचं उत्तर. लिहिलंय की आपली प्रवेशिका वाचता आली नाही. भिंगाने पहिले दोन परिच्छेद वाचले. त्यावरून हा सबक्लास नसून इतर खेळाडूंनी खेळायची गरज राहू नये अशी सोय वाटते. पुढील प्रयत्नांस शुभेच्छा.

दोन परिच्छेदांवरून मत बनवणारी माणसं प्रकाशनात बसलीयत. भिंग आणायचं आणि पुढे वाचायचं नाही, याला काय म्हणावं. निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. पाठवलं नाही. त्यांची लायकी नाही.

धाकटीला सांगावंसं वाटलं. सहा वेळा फोन केला.

२३ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी ७.३०

ऑफिस सुटल्यावर क्लिनिकला गेलो. डावी खालची दाढ गरम-थंड काही घेतलं की सणकते, दोन महिने झाले. ती दाखवायलाच गेलो होतो, दुसरं काही नाही.

रिसेप्शनवाली निघायच्या तयारीत होती. म्हणाली की गुरुवारी सहानंतर पेशंट घेत नाहीत, सर त्यांच्या ग्रुपबरोबर खेळतात. महिना झाला. मग तिने मला नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्हीही यायचात ना पूर्वी? मी म्हटलं, नाही, मी दाढेसाठी.

वेटिंग रूमचं दार लोटलेलं होतं. आत चौघं असावीत. कोणीतरी जोरात हसलं. आधी ओळखलंच नाही कोण ते. मग कळलं, धाकटी. हसताना तिचा आवाज असा होतो हे मी विसरलो होतो. शाळेत असताना व्हायचा.

आत गेलो नाही. दाढ सणकायची थांबली होती.

२४ एप्रिल, शुक्रवार

धाकटीने फोन उचलला. मी शांतपणे सुरुवात केली की मला टेबलावरून काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतं, मी माणूसघाणा नाही, चार शब्द ऐकून घेतो. चार म्हणता म्हणता मीच बरंच बोललो. ती मध्ये बोलली नाही. ती कधीच बोलत नाही मध्ये. शेवटी मी थांबलो.

ती म्हणाली, "दादा, तुला कोणी काढलं नाही. आम्ही फक्त वार बदलला."

मी म्हटलं, मग गुरुवारी येऊ? तिने विचारलं, वहिनी बरी आहे ना.

मग मी विचारलं त्या दगडाचं काय झालं. डॉक्टरांना सांगून काही मार्ग काढता येईल, मी नियम बघून देतो, टीप बावीसला अपवाद करता येईल. तिने सांगितलं की डॉक्टरांनी आपणहून तीन मार्ग सुचवले होते. तिला नको होते. वैद्यिणीने भुकटी होती तिथेच सोडली. आता हातगाडी ओढावी लागत नाही, त्यामुळे डोंगर चढता येतात, सगळे भराभर पुढे जातायत. म्हणाली, इतकी वर्षं आपण काय ओढत होतो ते हातगाडी सोडल्यावर कळलं.

हे ती रागाने म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती बरी होती. मला वाईट वाटलं. हे वाक्य खोडणार होतो, पण पेन खाली ठेवलं.

२६ एप्रिल, रविवार, दुपारी ३

दुसऱ्यांवर अवलंबून राहण्याचे दिवस संपले. आजपासून एकट्याने खेळणार. पुष्कळ लोक खेळतात. गोष्ट आपण सांगायची, पात्रही आपलं. वेळही वाचतो, मध्ये कोणी बोलत नाही. जेवणाचं टेबल मोकळं केलं. फासे, नकाशा, सातवी आवृत्ती.

बायकोला म्हटलं पाच मिनिटं बस, एखादा मंत्र टाक, कुठलाही. ती म्हणाली की ते आपण घरात सोळा वर्षं करतोय. आणि तिच्या मैत्रिणीकडे गेली.

प्रसंग: गुहा. एक राक्षस, हातात गदा. समोर मंत्रस्वामी, एकटा.

फेरी पहिली. राक्षसाने गदा मारली. लागली. बार्डने तान घेतली. आपल्या कोणी मंत्र टाकलेला नव्हता, वळवायला काही मिळालं नाही.

फेरी दुसरी. राक्षसाने गदा मारली. लागली. गदा वळवता येते का ते पाहिलं. येत नाही. शक्ती फक्त आपल्या माणसांवर चालते.

मध्येच थांबून सगळे नियम वाचले, टिपांसकट. बार्डला स्वतःचा मंत्र एकही दिलेला नाही. अठ्ठेचाळीस टिपांत कुठेच नाही.

फेरी तिसरी. फासा टाकला. वीस आला. हा वीस कशासाठी होता ते माहीत नाही.

बार्ड ३.२५ला मेला. सहाला अजून अडीच तास आहेत.